टेकडीवरची वाट रुंद करू नका

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. सवडीने वाचा, पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

टेकडीच्या पायथ्याला, पाण्याच्या टाकीपाशी बोर्ड लागलाय. ‘सायकल चालवण्यास सक्त मनाई’. आणि त्याच आठवड्यात कळलं की टाकीपासून वरच्या देवळापर्यंत तीन मीटर रुंदीचा पेव्हर ब्लॉकचा पाथवे करायचा प्रस्ताव पुढे सरकलाय. दिवे, बाकडी, ओपन जिम आणि अर्थातच सेल्फी पॉइंट. म्हणजे एकीकडे पोरांच्या दोन चाकांनी जंगल खराब होतंय म्हणून बंदी, आणि दुसरीकडे त्याच जंगलात जेसीबी घालायची तयारी. हे करणारी माणसं वेगवेगळी असतीलही, पण पायवाट म्हणजे काय हे दोघांनाही कळलेलं नाही, असं माझं मत आहे.

टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहेच. ज्यांना माहीत नाही त्यांनी शनिवार-रविवारी गाड्या घेऊन यावं, अशी माझी इच्छा नाही.

आधी जे घडलं ते सांगतो. महिन्याभरापूर्वी संध्याकाळी खालच्या वस्तीतल्या एक मावशी मोळी घेऊन उतरत होत्या. करवंदीच्या जाळीपाशी वाट वळते, तिथे मागून कॉलेजचा एक पोरगा सायकलवरून आला. त्याने करकचून ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, मावशी दचकून बाजूला झाल्या आणि मोळीसकट पडल्या. मनगट मोडलं. पोराने आणि त्याच्या मित्रांनी त्यांना दवाखान्यात नेलं, प्लॅस्टरचे पैसे भरले, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आले. पण तोवर व्हॉट्सॲपवर ‘टेकडीवर स्टंटबाजांचा धुमाकूळ’ सुरू झाला होता. पुढे बोर्ड.

मी मावशींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, “पोरगं वाईट न्हाई. पर सायकल येती ती कळतच न्हाई की. मोटरसायकल आसली तर लांबनं आवाज तरी येतो.” अख्ख्या प्रकरणात एवढं नेमकं निदान दुसऱ्या कोणी केलेलं मी ऐकलं नाही. डोंगरात चालवायच्या सायकलला घंटी नसते. हजारो रुपयांची सायकल घेतात, पुढे शॉकॲब्सॉर्बर असतो, डिस्क ब्रेक असतात आणि पन्नास-शंभर रुपयांची घंटी मात्र नसते, कारण ती ‘चांगली दिसत नाही’.

पाथवेबद्दल विचारलं तर मावशी हसल्याच. “फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरतंय. डोक्यावर मोळी आन् खाली शेवाळ, मग?” त्यांना ना बोर्ड लावताना कोणी विचारलं, ना पाथवेची आखणी करताना. तीस वर्षं त्या वाटेने जातात. (गॅस आहे ना घरी, मग मोळी कशाला, असं लगेच लिहू नका. सिलिंडर घरात असणं आणि तो दर महिन्याला भरून आणणं, यात फरक आहे.)

आता त्या सायकलवाल्यांविषयी. वीस-पंचवीस जण असतील. बहुतेक कॉलेजची पोरं-पोरी, एक बँकेतले साहेब, एक गॅरेजवाला. सकाळी टाकीपासून सुरू करतात, गिरिपुष्पाच्या आणि सागाच्या झाडीतून चढतात, पाठीमागच्या अंगाने खैराच्या आणि घाणेरीच्या मधून उतरतात. या प्रकाराला ते सिंगलट्रॅक म्हणतात. सिंगलट्रॅक म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल एवढी वाट. टायर दोन-सव्वादोन इंचांचं, हँडल सुमारे अडीच फुटांचं, बाकी सगळं झाडांचं. आपल्या भाषेत पायवाट, गुरवाट. त्यांना तीच हवी असते. मोठा रस्ता त्यांना फुकट दिला तरी नकोय, कारण सगळी मजा वळणांत आणि दगडांत आहे. वेगातही तेवढी नाही. मी एकाला विचारलं, इथे किती जोरात जाता? तो म्हणाला, “सर, अर्धा वेळ तर पळणाऱ्या माणसाएवढाच स्पीड असतो. पण नजर हलवता येत नाही.” मोबाईलवरून नजर न हटणाऱ्या वयाची मुलं तासभर फक्त समोरच्या दहा फुटांकडे बघतात, हे मला तरी वाईट वाटत नाही.

हा वाद आपल्याच गावात पहिल्यांदा झालाय असंही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली काही पोरांनी जुन्या, जड, एका गिअरच्या सायकली घेऊन डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यावरून उतरायची शर्यत सुरू केली. उतरता उतरता मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं, दरवेळी हब उघडून नवं भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’. आजच्या माउंटन बाइकचा जन्म बराचसा तिथला. आणि भांडणही तिथलंच. जवळच्याच माउंट तमालपाईसवर चालणारे आणि सायकलवाले यांचं इतकं बिनसलं की अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी आली. अशा बंद्या ठिकठिकाणी येऊ लागल्या तेव्हा १९८८ मध्ये तिथल्या सायकलवाल्यांनी मिळून संघटना काढली, आणि आरडाओरडा करण्याबरोबर एक शहाणपणाचं काम केलं. वाट कशी बांधायची आणि कशी राखायची याचे नियम लिहून काढले, फावडी घेऊन स्वतः कामाला लागले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला.

ते नियम वाचले तेव्हा मला आपलं श्रमदान आठवलं. सलग समतल चर आठवतात ना? २०१६ च्या वॉटर कपमध्ये कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, त्यानंतर आपल्या भागातल्या गावागावात लोक ‘माथा ते पायथा’ बोलायला लागले होते. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबवा. वाटेचं शास्त्र त्याच पाण्याचं आहे. डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला नको, आणि एकूण सरासरी शंभर फुटाला दहा फुटांच्या आत राहिलेली बरी. म्हणजे वाट सरळ खाली सुटायची नाही, डोंगराला आडवी धरून जायची. दरीकडचा काठ किंचित उतरता, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता बाजूला सांडतं. आणि मधूनमधून उतरती वाट जराशी चढवायची, की तिथे पाणी वाट सोडतं. हे न करता जी वाट सरळ उताराला लावली, तिची चार पावसाळ्यांत घळ होते. मग त्यावरून माणूस चालो, बैल चालो की सायकल.

गुरांना हे कोणी शिकवलेलं नाही, तरी ती सरळ चढत नाहीत, आडवी जातात. टेकडीच्या मागच्या अंगाच्या गुरवाटा म्हणूनच अजून शाबूत आहेत. घळी कुठे आहेत? देवळाच्या पुढच्या बाजूला, जिथे मॉर्निंग वॉकवाल्यांनी वळणं टाळायला सरळ शॉर्टकट पाडलेत. राग येईल काहींना, पण उद्या सकाळी स्वतः जाऊन बघा. मुरूम वाहून गेलाय, मुळं उघडी पडलीत.

सायकलने जास्त माती सुटते की पायाने, हेही लोकांनी मोजून पाहिलंय. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी झाल्याचं दिसलं. म्हणून सायकल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ओल्या मातीत सायकल घातली की चाकाची रेघ पडते, रेघेत पाणी शिरतं आणि तिची चर होते. मागचं चाक लॉक करून घसरवायची जी फॅशन आहे, ती तर वाटेचा सत्यानाश करते. पण त्याचा उपाय पावसाळ्यात वाट बंद ठेवणं हा आहे, बारमाही बंदी नव्हे.

आता रुंदीचं. माझं खरं दुखणं तेच आहे.

वाट हातभर आहे म्हणून टेकडी टिकली आहे. तिच्यावर मोटरसायकल नीट जात नाही, म्हणून वर दारूच्या बाटल्या कमी आहेत. टेम्पो जात नाही, म्हणून साग उभा आहे आणि मुरूम जागेवर आहे. तीन मीटरचा पाथवे झाला की पहिल्या आठवड्यात त्यावर मोपेड चढेल, दुसऱ्या महिन्यात कोणाची तरी चारचाकी ‘फक्त देवदर्शनाला’. मग गेट, गेटवर माणूस, माणसाला पावती पुस्तक. दिवे लागले की रात्री वर बसणारे वाढतील आणि तरस, ससे, भेकर होते की नव्हते असे होतील. तालुक्यात रस्ता झाल्याबरोबर त्याच्या कडेला काय काय उगवतं, याच्या बातम्या वीस वर्षं मीच लिहितोय. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या रस्त्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले, ते काय उगाच? तिथेही सकाळी चालणारे, पळणारे आणि सायकलवाले त्याच वाटांवर असतात. एकमेकांवर कुरकुर करतात. पण टेकडी फोडायची वेळ आल्यावर एकत्र उभे राहिले.

कायद्याचं म्हणाल तर बोर्डावर १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ लिहिलंय. राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच त्या कलमाखाली गुन्हा आहे. सायकलला लागू असेल तर ते रोज सकाळी पाय मोकळे करायला जाणाऱ्या आपल्या सगळ्यांना लागू आहे. निवडून एकट्या सायकलवर बोट ठेवायचं, तर कारण द्या. आणि वनजमिनीवर पक्कं बांधकाम करायचं तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आडवा येतो. २०२३ च्या दुरुस्तीत निसर्ग पर्यटनाला सवलत मिळाली हे मला ठाऊक आहे. पण पेव्हर ब्लॉक, दिवे आणि ओपन जिम हे निसर्ग पर्यटनात कसं बसतं, ते लेखी सांगा. मी लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.

पोरांनाही चार शब्द सुनावलेत, ते इथे लिहितो. घंटी लावा, आजच. डोक्यावर ओझं असलेलं माणूस दिसलं की उतरून सायकल बाजूला घ्या, तो मान त्यांचा पहिला. शेळ्या-गुरं आडवी आली तर थांबा, राखणारा धनगर तुमच्या आजोबांच्या वयाचा आहे. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत टेकडीवर चाक नको. दिवस मावळल्यावरही नको, बिबट्या काही फक्त पेपरात नसतो. मोबाईल ॲपवर रोजची राईड नकाशासकट जगाला दाखवायची हौस आवरा. आणि उतरायला मोळीची वाट सोडा, मागची गुरवाट घ्या. ती लांब आहे, पण तिच्यावर मोळीवाल्या बाया येत नाहीत.

पोरं तयार आहेत. महिन्यातला एक रविवार वाटेच्या डागडुजीला द्यायलाही तयार आहेत. गॅरेजवाल्याने घंट्यांचा खोका आणून ठेवलाय, येईल त्याला खरेदीच्या भावात लावून देतोय. परवा करवंदीच्या वळणावरची एक फांदी, जिच्यामुळे समोरचं दिसत नव्हतं, तीसुद्धा त्यांनी वनरक्षकांना विचारूनच छाटली.

आणखी एक. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचे दिवस. गेल्या उन्हाळ्यात मागच्या उतारावर धूर दिसला तेव्हा पहिला फोन या सायकलवाल्यांपैकीच एकीने केला होता, आणि माणसं पोचेपर्यंत चार पोरं ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती. जाळरेषा वेळेवर काढायला मजुरीचे पैसे नाहीत असं दरवर्षी ऐकतो. पेव्हर ब्लॉकला आहेत म्हणे.

आमची मागणी साधी आहे. बोर्ड बदला, ‘मनाई’ऐवजी वेळ, महिने आणि नियम लिहा. पाथवे टाकीपाशी करा हवा तर, ज्येष्ठांना सपाटीवर फिरायला. तिथे बाकडीही ठेवा. झाडीत मात्र हात लावू नका. आणि वाटेची बैठक घ्याल तेव्हा संयुक्त वन व्यवस्थापन समितीबरोबर खालच्या वस्तीतल्या दोन मावशींनाही बोलवा, आणि बैठक संध्याकाळी ठेवा. सकाळी त्या कामावर असतात.

निवेदनाची प्रत एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवली आहे. आतापर्यंत दोनशे अकरा सह्या झाल्यात, त्यात मॉर्निंग वॉकवाले जास्त आहेत. सोमवारी दुपारी वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायची आहे. सही करायची तर रविवारपर्यंत करा. आणि कमेंटमध्ये लोकेशन टाकू नका, टाकलं तर काढून टाकेन.