महिला मंडळाच्या सभा : आखणीविषयी काही विचार

खेड्यातील महिला मंडळाचा वर्षाचा कार्यक्रम बहुधा एकाच बैठकीत सिद्ध होतो. चैत्रात आहार, वैशाखात पाणी, ज्येष्ठात लसीकरण, अशा रीतीने बारा महिन्यांपुढे बारा विषय लिहिले जातात आणि प्रत्येकासाठी एक वक्ता नेमला जातो. हा वक्ता पुष्कळदा गावच्या शाळेतील शिक्षक किंवा जवळच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल असतो. ही पुस्तिका ज्यांच्या हाती पडेल त्यांपैकी अनेकांना असे निमंत्रण आलेले असेल. वक्ता तासभर बोलतो, आभारप्रदर्शन होते, चहा होतो, आणि पुढील महिन्यात पूर्णपणे निराळा विषय निघतो. मागील सभेनंतर कोणाच्या घरी काय घडले हे विचारण्यास त्या कार्यक्रमपत्रिकेत जागाच नसते. ह्या प्रकाराला शिक्षण म्हणावे की नाही, याची मला शंका वाटते.

हा शिरस्ता आजचा नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी आपल्या देशात सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला आणि तिच्याबरोबर ग्रामसेविका व महिला मंडळे खेडोपाडी पोहोचली. शिवण, परसबाग, बिनधुराची चूल, बालसंगोपन हे विषय तेव्हा वरून ठरून येत. त्या प्रयत्नाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु विषय दुसऱ्याने ठरवावा आणि स्त्रियांनी ऐकावे, ही त्याची घडण मात्र आपण फारसा विचार न करता पुढे चालविली आहे.

सभा निराळ्या तऱ्हेने आखल्या तर काय घडू शकते, याचे एक काळजीपूर्वक मोजलेले उदाहरण आपल्याच देशात आहे. २००५ ते २००८ या काळात झारखंडमधील पश्चिम सिंहभूम व सरायकेला-खरसावां आणि ओडिशातील केओंझर या जिल्ह्यांत ‘एकजूट’ या संस्थेने एक प्रयोग केला. तेथील वस्ती बहुतांशी आदिवासी, आणि पुष्कळशी बाळंतपणे घरीच होणारी. निवडलेल्या ३६ क्षेत्रांपैकी १८ क्षेत्रांत स्त्रियांचे २४४ गट महिन्यातून एकदा जमत. उरलेल्या १८ क्षेत्रांशी तुलना केली गेली. सभा चालविणारी स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका नसे. ती त्याच भागातील, तीच बोली बोलणारी असे.

एकंदर २० सभांचा एक क्रम होता आणि त्याचे चार टप्पे होते. प्रथम स्त्रियांनी आपल्या अडचणी सांगावयाच्या व त्यांतील महत्त्वाच्या निवडावयाच्या. नंतर त्यांवर उपाय योजावयाचे. मग ते उपाय प्रत्यक्ष करून पाहावयाचे. आणि शेवटी काय साधले, काय फसले, याचा हिशेब घ्यावयाचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीलाही आपले मत देता यावे म्हणून चित्रांची पत्ते असत. कारणांचा शोध गोष्टीतून आणि ‘पण का?’ या खेळातून होई. समजा, गोष्टीतील अर्भक जन्मल्यावर गार पडले. का? त्याला लगेच आंघोळ घातली. पण का? ते विटाळाचे मानले. तोपर्यंत त्याला कोणी पुसले का नाही? कारण वार पडेपर्यंत सगळ्यांचे लक्ष आईकडे होते. येथवर पोहोचलेल्या स्त्रिया बाळाला कोरड्या फडक्याने पुसून आईच्या अंगाशी द्यावयाचे काम कोणी करावे, हे आपणच ठरवितात. वजनाच्या मानाने अर्भकाच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते, आणि ओल्या अंगावरील पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. हे शास्त्र अशा वेळी सांगितले तर ते ऐकण्यास मन तयार असते. व्याख्यानाच्या आरंभी सांगितले तर ते हवेत विरते.

परिणाम असा आढळला की, तीन वर्षांत नवजात अर्भकांच्या मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या क्षेत्रांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होते, आणि शेवटच्या दोन वर्षांत ४५ टक्क्यांनी. सुइणीने हात धुणे, नाळ बांधावयाचा दोरा उकळून घेणे, असे साधे बदल घराघरांत झाले होते. हे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

याच सुमारास बांगलादेशात असाच प्रयोग झाला आणि तो निष्फळ ठरला, हेही सांगितले पाहिजे. झारखंड-ओडिशात साधारण ४६८ लोकवस्तीमागे एक गट होता, तर बांगलादेशात १,४१४ लोकवस्तीमागे एक. पुढे तेथेच गट वाढवून सुमारे ३०९ लोकवस्तीमागे एक असे प्रमाण केल्यावर नवजात मृत्यू ३८ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा पद्धत उत्तम असूनही जिला तिची गरज आहे ती गर्भवती स्त्री सभेला येतच नसेल, तर सर्व खटाटोप व्यर्थ होय.

आपल्याकडील बचत गटांच्या बाबतीत हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०११ पासूनच्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानामुळे अशा गटांचे जाळे सर्वदूर पसरले आहे. त्यांची पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या अद्ययावत वह्या, ही पैशाच्या शिस्तीसाठी योग्यच आहे. परंतु ज्ञानाचा विषय हिशेबानंतरच्या दहा मिनिटांत कोंबला जातो. तोवर निम्म्या बायका चुलीकडे पाहत उठू लागलेल्या असतात. शिवाय गट सभासदांपुरता बंद असतो, आणि नुकती लग्न होऊन आलेली सून सहसा सभासद नसते. माझे मत असे की, महिन्यातील एका बैठकीत हप्ते आरंभीच गोळा करून बाकीची सबंध वेळ चर्चेला द्यावी, आणि ती बैठक सर्वांना खुली असावी. सुनेला यावयाचे तर सासूची संमती लागते. म्हणून सासूलाही आग्रहाने बोलवावे. तिला वगळून ठरविलेली गोष्ट घरात टिकत नाही.

वक्त्याला मग काम उरत नाही असे नव्हे. गटाने प्रश्न निवडल्यावर, तिसऱ्या-चौथ्या सभेत, विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देण्यास त्याने यावे, आणि आमच्यासारख्या भाषांतरकारांची पुस्तके जशीच्या तशी वाचून दाखवू नयेत. ‘निर्जंतुक साधन’ हे शब्द कागदावर शोभतात. सभेत ‘उकळलेला दोरा आणि नवे पाते’ असेच म्हणावे लागते, आणि तो दोरा व पाते हातात धरून दाखवावे लागते.

दिवस ठरविताना भिंतीवरील दिनदर्शिकेपेक्षा शेताकडे पाहावे. भाताच्या लावणीच्या पंधरवड्यात सभा ठेवून उपस्थिती कमी म्हणून बायकांना दोष देणारे संयोजक पुष्कळ आहेत. त्या दिवसांत दुपारच्या भाकरीच्या वेळी बांधावरच अर्धा तास बसावे. वहीत उपस्थितीच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखून घ्यावा : मागच्या वेळी जे ठरले, ते किती घरांत झाले.