सोन्याचा कस आणि गलाई कामगाराचा श्वास

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातील माण, खटाव हे तालुके अवर्षणाचे. शेतीने पोट भरेना तेव्हा येथील हजारो तरुणांनी सोने-चांदी गाळण्याचा धंदा पत्करला. आज देशातील मोठमोठ्या सराफ बाजारांच्या मागल्या गल्लीत विट्याकडचा गलाईवाला भेटतो. त्याने गावाकडे पाठवलेल्या पैशाचे कौतुक सर्वांना आहे. परमुलखात तो आजारी पडला तर कोणाच्या दारात उभा राहतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

हा धंदा निरुपद्रवी नाही. सोने शुद्ध करण्यासाठी त्यात चांदी मिसळून ते नायट्रिक आम्लात उकळतात. त्यातून उठणारा तांबूस धूर फसवा असतो. प्रारंभी केवळ ठसका लागतो. पण काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. त्या वेळी डॉक्टरपुढे कामाचे स्वरूप सांगणे अत्यावश्यक असते, आणि कोईमतूरच्या दवाखान्यात मराठी माणसाची भाषा नेमकी तेथेच अडते. आजार रेंगाळला की तो मिरजेची वाट धरतो. घर गाठेपर्यंत रोजगार बुडालेला असतो आणि दुखणे बळावलेले असते.

कायद्याला हे आजार अपरिचित नाहीत. १९४८च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात या धुराची विषबाधा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेली होती. परंतु तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू होई, आणि गलाईचे दुकान दोन-चार माणसांचे! २१ नोव्हेंबर २०२५ला अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने स्वतःहून परराज्यात गेलेल्यासही स्थलांतरित कामगार मानले. तथापि त्यासंबंधीच्या तरतुदींना पुन्हा तीच दहाची अट. रोग मान्य, रोगी अमान्य, असा हा न्याय आहे.

आयुष्मान भारत योजनेचे कार्ड परराज्यात चालते, असे उत्तर दिले जाईल. ते खरे आहे; पण ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील छातीची तपासणी आणि महिनोन्‌महिन्यांची औषधे तिच्या कक्षेत येत नाहीत. गलाईवाले स्वतःच मालक आहेत, हा दुसरा आक्षेप. काही आहेतही. पण भट्टीपुढे बसलेला भाचा वा पुतण्या नात्याने घरचा असला, तरी कामाने मजूरच असतो. नात्याच्या आड त्याचा हक्क झाकला जातो.

उपाय दूर नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार केंद्र सरकारने एखादा व्यवसाय धोकादायक म्हणून अधिसूचित केल्यास, तेथे एकच कामगार असला तरी राज्य विमा योजना लागू होऊ शकते. बाह्योपचार आणि आजारपणातील भत्ता या दोहोंची तीत सोय आहे. गलाई व्यवसाय असा अधिसूचित झाला पाहिजे, आणि ही मागणी सातारा-सांगलीच्या खासदारांनी संसदेत लावून धरली पाहिजे. मुंबईतल्या सातारकर माथाडींनी १९६९चा कायदा संघटनेच्या बळावर मिळवला. विखुरलेल्या गलाई कामगारांनाही संघटनेवाचून गत्यंतर नाही.

दागिन्यावरील हॉलमार्क २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. सोन्याच्या शुद्धतेची हमी देणाऱ्या सरकारने ते शुद्ध करणाऱ्याच्या श्वासाचीही हमी घ्यावी.