बाण हाती देणाऱ्याची जबाबदारी

गेल्या वर्षी पावसाळा संपत आला असताना सरावाच्या मैदानावर एक कार्बनचा बाण सुटतानाच मोडला. सोडणारी मीच होते. धनुष्य ३५ पौंडांचे, पारंपरिक घडणीचे. अशा धनुष्याला बाण टेकवायला वेगळा आधार नसतो. बाण मुठीवर ठेवायचा आणि अंगठ्याने प्रत्यंचा ओढायची. दोरी सोडली तेव्हा लाकूड चिरल्यासारखा आवाज आला. बाणाचे दोन तुकडे समोर पडले आणि डाव्या हातमोज्यात एक काळी, सुईसारखी कपची रुतून बसली. मोजा जाड होता म्हणून अंगठा वाचला.

नंतर कळले की तोच बाण आदल्या दिवशी लक्ष्याच्या लाकडी चौकटीवर आपटला होता. माझ्या एका विद्यार्थिनीने तो ओढून काढला, पुसला आणि भात्यात ठेवला. मोडलेला दिसत नव्हता, वाकलेलाही नव्हता. तिची काही चूक नाही. कार्बनचा बाण कसा तपासायचा हे मी तिला शिकवलेच नव्हते आणि स्वतःही तपासला नव्हता. तो बाण त्या दिवशी माझ्याऐवजी तिच्या हातात असता तर? हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विश्वविजेते झाले. त्यानंतर आमच्याकडे चौकशी करणाऱ्या पालकांची संख्या वाढली. आनंदाची गोष्ट आहे. मात्र ते दोघे जे धनुष्य वापरतात ते कंपाउंड, चाकांचे. पालक मोबाइलवर त्यांचे बाण बघतात आणि तसलेच बाण मुलीच्या साध्या धनुष्यासाठी मागतात. दुकानदारही देतो. माझा पहिला डझनही असाच आला होता. 'सगळ्यात सरळ, सगळ्यात हलका, सगळ्यात वेगवान' असे सांगून मला तो विकला गेला, आणि वर्षभरात त्यातला निम्मा संपला. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. पारंपरिक धनुष्यासाठी कार्बनची दांडी घेताना सरळपणा आणि वेग यांसाठी जास्त पैसे देऊ नयेत. ते योग्य लवचिकतेसाठी, वजनासाठी आणि टिकाऊपणासाठी द्यावेत.

आधी लवचिकतेचे बघू. दांडीवर ४००, ५००, ७०० असा आकडा छापलेला असतो. त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवायची, मधोमध सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचे आणि ती किती खाली झुकते ते मोजायचे. अर्धा इंच झुकली तर ५००, पाऊण इंचाच्या आत-बाहेर झुकली तर ७००-८००. म्हणजे आकडा मोठा तितकी दांडी मऊ. 'मोठा नंबर म्हणजे मजबूत' असे समजून लोक इथेच फसतात. उलट 'कडक म्हणजे टिकाऊ' असे समजून ३०० किंवा ३४०ची दांडी घेणारेही फसतात.

कंपाउंड धनुष्यात बाण मधल्या रेषेतून जातो आणि दोरी यंत्राने सुटते. आपल्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूने निघतो आणि दोरी बोटांवरून किंवा अंगठ्यावरून घसरते. त्यामुळे बाणाला मुठीला वळसा घालून जाण्याइतके लवावे लागते. कडक दांडी लवत नाही. ती मुठीवर घासते, तिरकी उडते आणि लक्ष्य सोडून चौकटीवर किंवा दगडावर जाऊन आपटते. म्हणून चुकीच्या स्पाइनचा बाण निशाण तर चुकवतोच, मोडतोही लवकर.

ओळखायचे कसे? उजव्या हाताने तीन बोटांनी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या बाजूला असतो. नेम ठीक असूनही बाण सतत डावीकडे जात असतील तर दांडी कडक आहे. अंगठ्याने ओढणाऱ्याचा बाण उजव्या बाजूला असतो, म्हणून त्याची कडक दांडी उजवीकडे जाते. हातात खरोखर ३० पौंड येत असतील तर साधारण ७०० ते ८००पासून सुरुवात करून पाहावी. दांडी लांब ठेवली किंवा पुढचे टोक जड लावले की ती जास्त लवते, कापली की कडक होते. म्हणून आधी पूर्ण लांबीची दांडी मारून बघावी आणि मगच थोडी थोडी कापावी. कापलेली लांबी परत येत नाही.

'खरोखर हातात येणारे पौंड' हेही नीट समजून घ्यायला हवे. धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुधा २८ इंच ओढीचा असतो. सातवी-आठवीतली मुलगी २५ इंचच ओढते. दर इंचाला सुमारे दोन-अडीच पौंड कमी होतात, म्हणजे ३० पौंडांचे धनुष्य तिच्या हातात २३-२४ पौंडांचेच असते. दांडी निवडायची ती या आकड्यावर.

दुसरी गोष्ट वजनाची. बाण फार हलका असेल तर दोरीची सगळी ताकद त्याच्यात जात नाही, उरलेली धनुष्याच्या पात्यांत परत येते. अगदी हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडल्यासारखे आहे, आणि रिकामी दोरी सोडली की चांगले धनुष्यही तडकते. पारंपरिक धनुष्यासाठी दर पौंडाला निदान ८ ते १० ग्रेन वजन ठेवावे. ३० पौंडांना १० ग्रेनने ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. सराफाकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा यासाठी पुरतो. जाड भिंतीची दांडी थोडी जड असते. ती धनुष्य वाचवते आणि स्वतःही जास्त मार सोसते. दुकानात 'हलका' हा शब्द कौतुकाने ऐकवला जातो. आपल्या धनुष्यासाठी ते कौतुक नाही.

तिसरी गोष्ट सरळपणाची. ०.००३ इंच सरळपणाची दांडी आणि ०.००६ इंचाची दांडी यांच्या किमतीत चांगलाच फरक असतो. हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. २० मीटरवर उघड्या हाताने, विनानेमयंत्र बाण मारणाऱ्या माझ्यासारखीच्या अंगठ्याची चूक याच्या कित्येक पट मोठी असते. तो पैसा वाचवावा आणि जिथे दांडी मोडते तिथे लावावा.

मोडते कुठे? बहुतेक वेळा पुढच्या टोकाजवळ, आतला धातूचा तुकडा जिथे संपतो तिथे, आणि मागे खोबणीजवळ, दुसरा बाण येऊन आदळतो तिथे. पुढच्या टोकावर बाहेरून इंच-दीड इंच ॲल्युमिनियमची नळी चढवली की दांडी बराच मार सोसते. मागे खोबणीखाली बारीक रेशमी धागा गुंडाळून त्यावर गोंद दिला तरी चीर पुढे जात नाही. फार बारीक व्यासाच्या दांड्यांच्या मोहात पडू नये. आतून सुमारे ६.२ मिलिमीटरची दांडी सर्वत्र चालते, तिचे टोक, खोबणी, नळी सहज मिळतात आणि एक भाग गेला म्हणून अख्खा बाण टाकावा लागत नाही. मागे प्लास्टिकची पाती नकोत, पिसेच हवीत. पीस मुठीला लागून दबते आणि पुढे जाते, प्लास्टिक आपटून बाण फेकते.

आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "मॅडम, धनुष्य परंपरेचं आणि बाण कारखान्यातला? मग परंपरा कुठे राहिली?" प्रश्न चांगला आहे. पण उस्मानी तुर्कांचे धनुष्य कशाचे असे हे पाहा. तुर्की पारंपरिक धनुर्विद्येचा २०१९मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला, तेच हे धनुष्य. मध्ये लाकूड, पोटाला शिंग, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू आणि हे सगळे सरसाने जोडलेले. दाब शिंग सोसते, ताण तंतू सोसतात. तंतू आणि चिकटवणारा पदार्थ एकत्र आणून दोघांहून बळकट वस्तू करायची, ही त्या कारागिरांची हिकमत. कार्बनच्या दांडीत तंतू कार्बनचे आणि सरसाच्या जागी राळ. तत्त्व तेच आहे. शिवाय आज पारंपरिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच धनुष्यांच्या पात्यांत फायबरग्लास असतेच. त्याला कोणी हरकत घेत नाही.

मराठी भाषेनेही असेच केले. आपण 'तीरकमठा' म्हणतो. तीर फारसीतला, कमठा इथला. वर्गात हा शब्द सांगितला की उर्दूच्या मुलींना तीर ओळखीचा वाटतो आणि मराठीच्या मुलींना कमठा. जोड घट्ट बसली की जोड कुठे आहे हे कोणी विचारत नाही.

याचा अर्थ लाकडी किंवा बांबूचा बाण कमी दर्जाचा, असे मुळीच नाही. सातपुड्यात भिल्ल समाजात बाण हाताने घडवण्याची परंपरा आहे. ज्याला बाण करता येतो त्याला मोडल्याचे भय नसते, तो दुसरा करतो. ज्या स्पर्धेचा नियम लाकडी बाणाचा आहे तिथे लाकडीच हवा. पण आमच्या मुलींना बाण करता येत नाहीत, विकत घ्यावे लागतात. पावसाळी हवेत लाकूड वाकते, ॲल्युमिनियम एकदा वाकले की पुरते सरळ होत नाही. कार्बन एक तर सरळ असतो, नाहीतर मोडलेला असतो. तो धोका देतो तो मधल्या अवस्थेत, म्हणजे आतून चिरलेला आणि बाहेरून धड दिसणारा.

म्हणून तपासणी. आता आमच्या मैदानावर नियम आहे. चौकटीला, दगडाला किंवा दुसऱ्या बाणाला लागलेला बाण थेट भात्यात जात नाही. दोन्ही टोके धरून तो चेहऱ्यापासून लांब हलकासा वाकवायचा, फिरवून सगळ्या बाजूंनी वाकवायचा, मग दोन्ही हातांनी पिळून बघायचा. कुरकुर ऐकू आली, तडा दिसला, एखादी बाजू मऊ लागली, की तो बाण संपला. त्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा, कापूस अडकला तर तंतू सुटले आहेत. बोट कधीच फिरवायचे नाही. संशय आला तरी बाण बाद, आणि बाद बाण तिथल्या तिथे मोडून ठेवायचा, म्हणजे 'एकदाच मारते' असे म्हणत कोणी उचलणार नाही. मोडलेले तुकडे वेचून आणायचे. मैदानात नंतर शेळ्या चरतात, लहान मुले अनवाणी खेळतात. दांडी करवतीने कापायची नाही, तंतू उसवतात. घासणाऱ्या चाकावर, तोंडाला मास्क लावून कापायची. टोक बसवताना दांडीला थेट ज्योत दाखवायची नाही, आतली राळ कमजोर होते.

हे सगळे पारंपरिक धनुष्यालाच जास्त लागू आहे, कारण आपला बाण थेट हाताच्या कातडीवरून जातो. कंपाउंडवाल्याच्या बाणाखाली आधार असतो. आपल्या बाणाखाली अंगठा असतो.

एका मुलीची आई मला म्हणाली, "बाजी, इत्ते पैसे एक तीर के? सस्तेवाले लाव ना." तिचे चुकले नव्हते. घरी शिवणकाम करून ती फी भरते. मी तिला सांगितले की डझन घेऊच नका, सहा घ्या, पण धड घ्या. स्वस्तातल्या बारा बाणांपेक्षा नळी चढवलेले, तपासलेले सहा बाण जास्त दिवस चालतात. तिने सहा घेतले. मुलगी आता रोज ते सहाही पिळून बघते. माझेही बघते.

हदीसमध्ये तिरंदाजीचे महत्त्व सांगताना एका बाणामुळे तिघांना पुण्य लाभते असे सांगितले आहे. चांगल्या हेतूने बाण करणारा, तो मारणारा आणि तो हाती देणारा. लहानपणी मला तिसऱ्याचे नवल वाटे. नुसता बाण उचलून देण्यात काय मोठेपण? त्या मोडलेल्या बाणानंतर कळले. करणारा कारखाना दूर आहे, मारणारी मुलगी तेरा वर्षांची आहे. बाण कोणता घ्यायचा, तो धड आहे की नाही, हे ठरवणारी मधली व्यक्ती मी आहे. पुण्यात वाटा असेल तर जबाबदारीतही आहे.