वेटरला पळवून हॉटेल वेगवान होत नाही

रविवारी सकाळी माटुंग्यातल्या जुन्या उडुपी हॉटेलांपुढे रांग असते, पण ती भराभर सरकते. याउलट कित्येक हॉटेलांत निम्मी टेबलं रिकामी असूनही साधी मिसळ यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मालक वेटरवर ओरडतो, वेटर आणखी जोरात पळतो, मिसळ काही लवकर येत नाही. दोष बहुतेक वेळा मेनूकार्डात आणि भटारखान्याच्या मांडणीत असतो.

अमेरिकेत सॅन बर्नार्डिनो इथल्या मॅक्डोनाल्ड बंधूंनी हे 1948 मध्येच ओळखलं. चांगला चाललेला धंदा त्यांनी तीन महिने बंद ठेवला आणि पंचवीसेक पदार्थांतले नऊच ठेवले. पुढे नव्या भटारखान्याचा आराखडा त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने आखला, त्यावर कामगारांना फिरवून पाहिलं आणि कोणाची पावलं कुठे वाया जातात हे बघून रेघा बदलल्या.

इतकं लांब जायचीही गरज नाही. बंगळूरच्या जयनगरात 1983 मध्ये ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झालं आणि ती पद्धत शहरभर पसरली: आधी पैसे, मग कूपन, उभ्यानेच खाणं. अशा ठिकाणी डोशाचा तवा जरूर पाहावा. बटाट्याची भाजी, चटणी, सांबार सकाळीच तयार. तव्यावर पाण्याचा शिपका, झाडूचा एक फटकारा, आणि ओळीने सात-आठ डोसे एकदम पडतात. ऐन वेळी करायचं काम तेवढंच उरलेलं असतं.

हिशेब सोपा आहे. चाळीस खुर्च्या आणि प्रत्येक गिऱ्हाईक चाळीस मिनिटं बसणार असेल, तर तासाला साठ जण जेवतात. तीच वेळ तीस मिनिटांवर आली की ऐंशी. ही दहा मिनिटं घास घाईने गिळायला लावून काढायची नाहीत. ऑर्डर घ्यायला कोणी येईपर्यंत, बिल येईपर्यंत, सुटे मिळेपर्यंत आणि टेबल पुसलं जाईपर्यंत ती आपोआप जात असतात. टेबलावरच्या क्यूआर कोडने सुट्यांचा प्रश्न बराच मिटवला, बाकीचे तसेच आहेत.

त्यात आता पार्सलची भर. ॲपवरच्या ऑर्डरी त्याच तव्यावर येतात आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक ताटकळतं. पार्सलसाठी वेगळा माणूस आणि वेगळी खिडकी हा खर्च गर्दीच्या हॉटेलाने करायलाच हवा. आठ-दहा तास उभ्याने राबणाऱ्या कामगारांचाही त्यात विचार आहे. विस्कळीत मांडणीचा सगळा भार शेवटी त्यांच्याच पायांवर पडतो.

मालकांनी एक रविवार गल्ला दुसऱ्याकडे सोपवावा, घड्याळ घेऊन भटारखान्याच्या दाराशी उभं राहावं, ऑर्डर नेमकी कुठे अडते ते लिहून काढावं. मग वेटरला काय बोलायचं ते ठरवावं.