पगार हवा, वही नको!

आमच्या रामटेकात १९८५ सालापासून एक इंजिनियरिंग कॉलेज आहे. त्याचे नाव 'कविकुलगुरू'. यंत्रे, वीज आणि बांधकाम शिकविणाऱ्या संस्थेला कालिदासाची पदवी द्यावी हे ज्याला सुचले, त्याला आमचा दंडवत. यक्षाने जेथून मेघाला अलकेची वाट सांगितली तो रामगिरी म्हणजे आमचाच गड, असे महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडले. ती वाट सांगताना कालिदास रेवा, विदिशा, उज्जयिनी अशी स्थळे एकामागून एक अशा नेमकेपणाने लावतो की ओव्हरसियरने मोजणीचा नकाशाच काढावा! कल्पना आणि मोजमाप यांचे वैर नाही, हे आमच्या गावात पाटीवरच लिहिलेले आहे.

वैर आहे ते घराघरांत. आणि तेही मुलीच्याच बाबतीत.

मुलगी इंजिनियर होणार म्हटले की आता फारसे कोणी नाक मुरडीत नाही. शेताचा तुकडा विकून फी भरणारे बापही आहेत. त्यांना आमचा नमस्कार. पण जी मुलगी आठवीपर्यंत गणिताची आणि कवितेची अशा दोन वह्या चालविते, तिची दुसरी वही नववीत माळ्यावर जाते. "आधी परीक्षा होऊ दे." नोकरी लागली की "आधी लग्न होऊ दे." लग्न झाले की "आधी मुले मोठी होऊ देत." मुले मोठी झाली की "आता या वयात काय?" वहीचा मुहूर्त कोणत्याच पंचांगात सापडत नाही. एकदाच ती वही आठवते, स्थळे पाहताना! परिचयपत्रकात 'छंद : गायन, लेखन' असे छापावयाचे असते ना! जे करू दिले नाही, त्याचीही जाहिरात!

याला सुधारणा म्हणावे काय? हा तर वाण्याचा हिशेब झाला. इंजिनियरिंगला पगार आहे म्हणून परवानगी; वहीला पगार नाही म्हणून मनाई.

सुधा मूर्तींची गोष्ट आज शाळाशाळांतून सांगितली जाते. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले होते. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. पुण्याला मुलाखत झाली, नोकरी मिळाली. येथे आपण टाळ्या वाजवितो आणि मुलींना सांगतो, "शिका, मोठ्या व्हा." पण नीट पाहा. शिक्षण त्यांच्यापाशी होतेच. तेवढ्याने दार उघडले नव्हते. दार उघडले पोस्टकार्डाने, म्हणजे लिहिण्याने! मनाला खटकलेले वाक्यात बांधून योग्य माणसापर्यंत पोहोचविणे, ही तर लेखकाची विद्या. पुढे याच बाईंनी कन्नडात आणि इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. लीना सोहोनींच्या अनुवादांतून त्यांची पुस्तके मराठी घरांत आली. आपण मुलींना नोकरीची अर्धी गोष्ट सांगतो आणि वहीची अर्धी गिळतो. "त्यांचे काय, त्या श्रीमंत!" असे कोणी म्हणेल. महाराज, इन्फोसिस निघाली १९८१ साली. पोस्टकार्ड त्याच्या सात वर्षे आधीचे. आणि पोस्टकार्डाला श्रीमंती लागत नाही.

कोणी म्हणेल, कवितेच्या नादाने कामात चूक होईल. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर त्यांनी ठराविक नमुन्याचे सुटे पोलादी भाग जोडून निरनिराळ्या मापांचे पूल उभारण्याची पद्धत काढली. त्या पद्धतीचा पहिला पूल १९७२ साली हिमाचलातील स्पितीत उभा राहिला. मोजक्या तुकड्यांतून हवा तो पूल! मोजक्या शब्दांतून ओवी बांधणारीचे डोके याहून निराळे असते काय? आमच्या आज्या-पणज्यांनी जात्यावर दळण आणि ओवी एकाच वेळी चालविली. ओवीपायी पीठ जाडेभरडे आले अशी तक्रार आम्ही तरी ऐकली नाही.

पुरुषांना हा प्रश्न पडतच नाही. अच्युत गोडबोले आयआयटीचे केमिकल इंजिनियर; त्यांनी संगीतावर 'नादवेध' लिहिण्यात भाग घेतला. उत्तमच केले. पण "संसार सांभाळून हे कसे जमते?" असे त्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. बाईने लिहिले की हाच पहिला प्रश्न! दिवाळी आली की आम्ही लेखक मंडळी तिच्या 'तारेवरच्या कसरती'चे कौतुक करतो. ही तार बांधली कोणी, हे विचारीत नाही. कसरतीला टाळी देणे सोपे. तार सोडविणे अवघड. ती सोडवायची तर घरातील निम्मे काम उचलावे लागते.

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला ठेवून एवढे ऐका. घरात इंजिनियर लेक, सून, बायको असेल तर तिला "छंद जोप, मन ताजे राहील, कामाला हुरूप येईल" असेही सांगू नका. तिची वही नोकरीच्या चाकांना घालावयाचे वंगण नव्हे. ती तिची आहे, एवढे कारण पुरे. पाडव्याला नवऱ्याने आणि भाऊबीजेला भावाने ओवाळणीत साडी खुशाल घालावी. पण यंदा तिच्याबरोबर रोजचा एक तास घालावा. तेवढा वेळ खोलीचे दार लावलेले, मधे हाक नाही.

आणि त्या तासात कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजा!