तौबेनंतर टोमणा नको

‘आपल्यात कुणी पीत नाही,’ असे म्हणत आपण घरचे दुखणे झाकतो. आम्हा शिक्षकांना मात्र ते मुलांच्या चेहऱ्यावर दिसते. बदनामीच्या भीतीने इलाज लांबतो. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, फिटही येऊ शकते. म्हणून डॉक्टर हवाच. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करते. दारू सुटली की कामावरचे खाडे थांबतात, पगार पुरा घरी येतो, मुले वही घेऊन अब्बूंजवळ बसतात. अल्लाह तौबा कबूल करतो; मग आपण जुने का उकरावे? टोमणा गिळा, फजरला त्याला सोबत न्या.