पाटी उतरवली, बरं केलं!

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाने एका बड्या अकादमीशी असलेला करार पुढे चालू ठेवायचा नाही असं ठरवलं आणि गावात जणू सुतक आलं. 'आता पोरांचं कसं होणार?', 'एवढं मोठं नाव हातचं घालवलं', 'आमच्या लोकांना मोठ्यांशी जुळवून घेताच येत नाही'... क्लबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. ज्यांनी आयुष्यात कधी चेंडूला लाथ मारली नाही त्यांनी समितीला लाथा मारून हौस भागवून घेतली. म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत वाचत बसायला नको. समितीने केलं ते योग्य केलं, आणि ते एक वर्ष आधी करायला हवं होतं.

(इथे नाटक, कीर्तन, जत्रा यांवर वाचायला येणारे काही वाचक म्हणतील, आता हे फुटबॉल कुठून आलं? मंडळी, शिवोलीत १८८३ साली एका पाद्र्याने हा खेळ आणला असं सांगतात. म्हणजे गोव्यात फुटबॉल आपल्या संगीत नाटकाहून फार धाकटा नाही. आणि आमच्या फोंडा तालुक्यात जो मुलगा जत्रेच्या नाटकात भालदार होतो, तोच सकाळी मैदानावर लेफ्ट बॅकला असतो. तेव्हा चालवून घ्या.)

क्लबाचं नाव लिहीत नाही, अकादमीचंही नाही. मी सरकारी कारकून आहे, कोर्टकचेरीची हौस नाही. पण करार मी वाचला आहे. वीस वर्षं कचेरीत फायली वाचल्या की डोळ्यांना एक खोड लागते, आधी शेवटचं पान बघायचं. करार चार पानांचा. त्यातलं एक अख्खं पान अकादमीचं चिन्ह कसं वापरावं याचं. रंग कोणता, आकार केवढा, शेजारी दुसरं चिन्ह लावायचं नाही, वगैरे. मैदान क्लबाचं, गवत कापायचं क्लबाने, पाण्याचा पंप आणि विजेचं बिल क्लबाकडे. अकादमीकडून जर्सी, आठवड्यातून दोन दिवस कोच, आणि 'निवड'. पालकांकडून दर महिन्याला फी, तिचा मोठा वाटा अकादमीला. निवडलेल्या मुलांची नोंदणी अकादमीच्या नावावर होणार, हे दीड ओळीत. आणि शेवटचं पान? एक महिन्याच्या नोटिशीने कोणताही पक्ष करार संपवू शकतो. संपल्यावर क्लबाने पाटी आणि चिन्ह सात दिवसांत उतरवावं. बस्स. पाटीचं काय करायचं ते लिहिलंय, मुलांचं काय करायचं ते कुठेच नाही.

पहिल्या वर्षी चार मुलं निवडली गेली. तेरा-तेरा वर्षांची. गावात पेढे वाटले. चवथीपर्यंत त्यांतली दोन परत आली, 'सध्या गरज नाही' म्हणून. परत आली ती कुठे? आमच्याच मैदानावर. पण नोंदणी तिकडची, त्यामुळे तालुक्याच्या सामन्यात आमच्याकडून उतरवता येईना. अख्खा मोसम ती बांधावर बसून होती. त्यांतला एक अजून येतो. दुसऱ्याने फुटबॉल सोडला.

आता पहिला आक्षेप, कृतघ्नपणाचा. 'ज्यांनी बोट धरून चालायला शिकवलं त्यांनाच सोडलं!' अहो, मोठ्या संस्थेतून बाहेर पडणं हा कृतघ्नपणा असेल तर मराठी रंगभूमीचा निम्मा इतिहास कृतघ्नांचा म्हणावा लागेल. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, आणि गंधर्व मंडळी उभी राहिली. १९१८ साली आपल्या मंगेशीचे दीनानाथ त्याच किर्लोस्करांतून चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर निघाले, आणि बळवंत मंडळी झाली. तेव्हाही लोकांनी नावं ठेवलीच असतील. किर्लोस्कर मंडळीचं ऋण होतं, ते कोणी नाकारलं नाही. पण ऋण आहे म्हणून जन्मभर दुसऱ्याच्या पडद्यामागे उभं राहायचं, असा काही नियम नाही. आणि आमच्या क्लबावर ऋण तरी केवढं? दोन वर्षांच्या जर्स्या. त्यांचे पैसेही पालकांनीच भरलेले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'मोठ्या नावाशिवाय मुलं पुढे जात नाहीत.' हा आक्षेप घेणाऱ्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत पुण्या-मुंबईत काय झालं ते जरा बघावं.

पुण्यात शिवाजीयन्स नावाचा स्थानिक क्लब होता. डीएसके उद्योगसमूहाने तो घेतला, डीएसके शिवाजीयन्स झाला. मग लिव्हरपूलशी हातमिळवणी झाली, पुण्याजवळ निवासी अकादमी निघाली. थेट लिव्हरपूल! २०१५-१६ च्या मोसमात क्लब आय-लीगमध्ये आला. २०१६-१७ नंतर तो तिथून गेला, अकादमीही उरली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात डी. एस. कुलकर्णींना अटक झाली, आणि सगळ्यांचं लक्ष ठेवीदारांकडे गेलं. ते योग्यच. पण तिथे राहणाऱ्या पोरांनी ठेवलेल्या ठेवीचं काय? त्यांनी वर्षं ठेवली होती.

इथे कोणीतरी लगेच म्हणेल, 'लालियानझुआला छांगटे तिथेच तयार झाला ना?' झाला. मिझोरामचा तो मुलगा त्या अकादमीतून निघाला आणि २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अकादमी वाईट होती असं मी म्हणतच नाही. कदाचित उत्तम होती. माझा प्रश्न जे छांगटे झाले नाहीत त्यांच्याबद्दल आहे. दुकान बंद झाल्यावर छांगटेला दहा दारं उघडी असतात. बाकीच्यांना घरी जायचं असतं, आणि घरी क्लब असावा लागतो.

पुण्याचीच दुसरी गोष्ट. पुणे एफसीची अकादमी मुलांच्या फुटबॉलमध्ये नावाजलेली होती. २०१५ मध्ये पिरामल समूहाने संघ बंद केला. २०१६ मध्ये अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीच संपला, आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये हैदराबादचा क्लबही दिल्लीला गेला. एखाद्या सरकारी नस्तीचा प्रवास सांगावा तसा हा प्रवास, फक्त नस्तीला बारा वर्षांची मुलं बांधलेली. आणि बार्सिलोना? मुंबई-पुण्यात त्यांच्या नावाच्या अकादम्या होत्या, पालक भक्कम फी भरत होते. १ जुलै २०२५ पासून बार्सिलोनाने भारतातलं हे काम बंद केलं. निर्णय तिकडे झाला, इकडे पोरांच्या पाठीवरचं नाव गेलं.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस नाताळच्या सुट्टीत आम्ही एलटीसी काढून उज्जैनला गेलो होतो. देवास गेटला, बस स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो होतो. सकाळी चहा-पोहे चालू असताना फोनवर बातमी बघितली. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी सोडलं. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता, मधल्या काळात संघाने दोनदा आयएसएलचा करंडक जिंकला. लीगचंच भवितव्य अधांतरी झाल्यावर हे लोक हिस्सा जुन्या मालकांना देऊन निघाले. मी त्यांना दोष देत नाही. ते व्यापारी, तोट्याचा हिशेब त्यांना आपल्याहून लवकर कळतो. दोष मी देतो तो 'मोठं नाव म्हणजे कायमची सोय' असं समजणाऱ्यांना. गावच्या ग्रुपवर त्याच सकाळी 'आम्ही मूर्ख आहोत, आलेली लक्ष्मी घालवली' असा मजकूर होता. लिहिणाऱ्याने ही बातमी वाचली नसावी.

त्याच दिवशी महाकालाचं दर्शन झालं. आज दिसतं ते मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभं केलं. (आपल्याकडच्या माणसांनी कुठे कुठे जाऊन काय काय केलं, यावर एकदा स्वतंत्र लिहीन.) पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. एवढा मोठा आश्रयदाता उठून गेला, पण महाकालाची पूजा काही थांबली नाही. पुजारी गावचा, उपासना गावची. देणगीदाराने देवळावर स्वतःचं नाव लावून ते परत नेण्याची सोय करून ठेवली नव्हती.

आपल्या गोव्यात याचं जवळचं उदाहरण आहे. २०१६ मध्ये महासंघाच्या धोरणावर चिडून साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा विजेता. तेव्हाही 'गोव्याचं फुटबॉल संपलं' असं म्हटलं गेलं. डेंपो गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, खालच्या श्रेणीतून वर चढून परत आय-लीगमध्ये आला. डेंपोच्या मागे भांडवल आहे, आमच्या क्लबामागे गणेशोत्सवाची पावतीपुस्तकं आहेत, हे मला कळतं. तुलना पैशांची नाही. परत यायला क्लब जागेवर आणि स्वतःच्या नावाने शिल्लक होता, एवढंच माझं म्हणणं. पुण्याच्या त्या अकादमीला परत यायचं म्हटलं तर कोणत्या नावाने येणार?

नावाचा हा मुद्दा भावनेचा वाटेल, पण तो कागदाचाही आहे. फिफाच्या नियमांत अशी सोय आहे की खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन ट्रान्सफर झाली, तर रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. मुलगा त्या वर्षी कोणाच्या नावावर नोंदलेला होता, त्यावर हा वाटा ठरतो. आमच्या गावचा मुलगा उद्या पोर्तुगालला जाईल असं मला स्वप्न पडलेलं नाही. पण समजा गेलाच, तर ज्या मैदानाचं गवत आमच्या लोकांनी कापलं आणि ज्या पंपाचं बिल आम्ही भरलं, त्या क्लबाची त्या मुलाच्या कागदावर एक ओळसुद्धा नसेल. हे सगळं कशाच्या बदल्यात, तर जर्सीवरच्या एका चिन्हाच्या. जमिनीवर नाव कोणाचं लागतं यावरून ज्या गोव्यात कूळ आणि भाटकार पिढ्यान् पिढ्या भांडले, त्या गोव्यात हे समजावून सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं.

पालकांवर मी फार रागावणार नाही. मुलाचा त्या जर्सीतला फोटो नातेवाईकांना पाठवण्यात सुख असतं, आणि ते सुख खोटं नसतं. पण ग्रुपवर जे सर्वांत मोठ्याने ओरडत होते, त्यांच्यापैकी किती जण रविवारी सकाळी मैदानावर येतात? मी मोजलेत. अकादमीच्या कोचचं कौतुक करताना त्यांना आमच्याच गावचा तो कोच आठवत नाही, जो आठवड्याचे उरलेले दिवस विनामोबदला शिकवत होता, आणि ज्याला पाटीवरच्या नियमाप्रमाणे क्लबाचा जुना निळा शर्ट घालायचीही मुभा नव्हती.

उद्या दुसरी अकादमी दारात येईल. येऊ दे. करार करूच नका असं मी म्हणत नाही. फक्त चहा देण्याआधी तिला हे विचारा. मुलांची नोंदणी आमच्या क्लबाच्या नावावर राहील का? निवडून नेलेला मुलगा मोसमाच्या मध्ये नको झाला, तर त्याचा ना-हरकत दाखला किती दिवसांत द्याल? तुम्ही निघून गेलात तर चालू मोसम संपेपर्यंत कोचचा पगार कोण देणार? हे तीन मुद्दे करारात लिहून मिळाले तर पाटी मी स्वतः शिडीवर चढून लावून देईन. 'आमच्या धोरणात बसत नाही' असं उत्तर आलं, तर चहा पाजा आणि गाडीपर्यंत पोचवून या.

सध्याचं काम मात्र वेगळं आहे. पाटी सातव्या दिवशी उतरवली, तिचा पत्रा स्टोअररूमवर घातला. मागची गळती थांबली म्हणतात. पुढच्या मोसमाची नोंदणी क्लबाच्या नावावर होईल, त्यासाठी जन्मदाखल्यांच्या प्रती ज्यांनी अजून दिल्या नाहीत त्यांनी द्याव्यात. आणि बांधावर येऊन बसतो त्या मुलाचा दाखला अकादमीकडून अजून आलेला नाही. अर्ज मी टाईप करून दिला आहे, पोच घेतली आहे, इनवर्ड नंबर माझ्या डायरीत आहे. स्मरणपत्र येत्या सोमवारी जाईल.